आधणाचं पाणी

आमटीचा पहिला भुरका घेतला आणि वैजयंतीबाईंचं डोकं फिरलं.

आमटी खारट होती म्हणून नव्हे. एखाद्या दिवशी कुणाच्याही हातून मीठ जास्त पडतं, त्यावर गूळ घालता येतो. डोकं फिरलं ते समोर बसलेल्या नवऱ्यामुळे. प्रमोदराव तीच आमटी तिसऱ्यांदा वाढून घेत होते आणि वर मिटक्या मारत म्हणत होते, “अगदी तुझ्या हातची, वैजू! दहा आठवडे तू इथं नव्हतीस हे जिभेला कळलंसुद्धा नाही.”

गुडघा बदलून घ्यायला त्या पुण्याला बहिणीकडे गेल्या होत्या. सांगलीच्या घराला दोन जिने, म्हणून शस्त्रक्रियेनंतर तिथंच राहिल्या आणि आज सकाळी परतल्या. मधल्या काळात स्वयंपाक ‘हातगुण’नं केला. ओट्यावर बसवलेलं, दोन शेगड्यांचं आणि एका लांब हाताचं हे यंत्र त्यांच्या मुलानं, निहारनं, केलं होतं.

“माझ्या हातची?” बाई म्हणाल्या. “ही? हे मिठागर?”

“अगं, मस्त झालीय की.”

त्यांनी वाद घातला नाही. साखर कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरची मापकं सांभाळलेली बाई. काटा चुकीचं सांगत असला तर काट्याशी भांडायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी खाली वाकून नवऱ्याचे पाय पाहिले. घोटे दिसतच नव्हते. नडगीवर अंगठा दाबला, तर तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला.

“उशा किती घेता झोपताना?”

“दोन. म्हणजे गेल्या आठवड्यापासून तीन. आडवं पडलं की जरा कोंडल्यासारखं होतं.”

“उठा पानावरून.”

“अगं, ताकभात राहिलाय!”

“उठा म्हणते ना!”

प्रमोदरावांचं हृदय पाच वर्षांपूर्वी अधू झालं होतं. अशा हृदयाला जास्त मीठ चालत नाही. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी उपसताना हृदयाची दमछाक होते. तासाभरात ते दवाखान्यात होते, नाकाला नळी लावलेले. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघून विचारलं, “काका, मिठाचं काय? पाळता ना?”

“आमच्या यंत्राला कमी मिठाचं बटण आहे,” प्रमोदराव धापा टाकत अभिमानानं म्हणाले. “पहिल्या दिवसापासून दाबलेलं आहे.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फुप्फुसात पाणी भरलेला माणूस बटणाची तारीफ करत होता, आणि ते बटण त्यांच्याच पोटच्या पोरानं बसवलेलं होतं.

*

ही २०४१ सालची गोष्ट. तोवर स्वयंपाक करणारी यंत्रं घरोघरी झाली होती, पण त्यांना कुणाचाच हात नव्हता. एकाच छापाची डाळ, एकाच छापाची भाजी. निहारच्या कंपनीनं तिथंच बोट ठेवलं. कृती लिहून घेण्यापेक्षा हातच टिपून घ्यायचा, ही त्याची कल्पना.

त्यासाठी मनगटावर एक पट्टा. चिमूट किती ग्रॅमची, पळी कुठल्या कोनात फिरते, मोहरी घातल्यावर हात किती क्षण थांबतो, सगळं तो टिपायचा. शेगडीखाली काटा होता, तो पातेल्याचं वजन बघायचा. वर एक नाक होतं, म्हणजे बारा बारीक चकत्या. वाफेतला एकेक वास हुंगून त्या खोबरं करपलं की नुसतं परतलं, हे सांगायच्या. मोहरीची तडतड ऐकायला कान होता. हे सगळं एकत्र करून यंत्र हात शिकायचं. कंपनीच्या यादीत आता नऊ हात होते. गिऱ्हाइकानं हवा तो निवडायचा. पण पहिला, ज्याच्यावर बाकीचे आठ बेतले, तो ‘मूळ हात’ वैजयंती दामल्यांचा होता.

दोन वर्षं त्यांनी तो पट्टा बांधला होता, आणि हौसेनं. कारण यंत्र काय करतंय ते त्यांना पुरतं कळत होतं. कारखान्यात असताना फोरमन म्हणायचे, “बाई, तुम्ही घरी आमटी करा, बॉयलर आम्ही बघतो.” घरी सासूबाई म्हणायच्या, “बॉयलर सांभाळतेस ना, मग आमटी कशी उतू जाते?” दोघांपैकी एकालाही कधी सुचलं नाही की ही दोन कामं एकच आहेत. काय हवंय ते ठरवायचं, काय होतंय ते मोजायचं, दोन्हींत फरक दिसला की हात चालवायचा आणि पुन्हा मोजायचं. बॉयलरमधलं पाणी असंच सांभाळतात, फोडणीखालची आचही अशीच. बॉयलरवर या प्रकाराला ‘कंट्रोल’ असं नाव आहे आणि ते शिकवायला कॉलेजं आहेत. फोडणीला नाही, म्हणून तिला कौशल्य म्हणायचं आणि करणारीला बिनपगारी ठेवायचं. निहारनं जेव्हा म्हटलं, “आई, तुझा हात म्हणजे जगातला सगळ्यात चांगला कंट्रोलर आहे,” तेव्हा बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपली दोन्ही कामं एका वाक्यात बसवल्यासारखं वाटलं होतं. आणि आता तोच हात नवऱ्याच्या छातीत पाणी भरत होता.

*

निहार संध्याकाळी पुण्याहून आला. बत्तीस वर्षांचा, बापासारखा उंच, आईसारखा हट्टी. वडिलांजवळ बसला, त्यांचा हात धरला, डोळे पुसले. मग बाहेर येऊन म्हणाला, “बाबांनी लोणचं खाल्लं असणार.”

“लोणच्याची बरणी मी जाताना शेजारी देऊन गेले.”

“मग फरसाण. आई, यंत्र तुझ्याच हातानं मीठ घालतं. ग्रॅमचा शंभरावा भाग इकडेतिकडे होत नाही. वर वीस टक्के कमी केलेलं. यंत्राकडून हे होणं शक्यच नाही.”

“शक्य नाही हा शब्द मी फक्त सेल्समनच्या तोंडी ऐकलाय, इंजिनिअरच्या नाही. नोंदी दे.”

“कसल्या?”

“दहा आठवड्यांच्या. रोजच्या. किती मीठ, किती पाणी, कधी घातलं.”

“तू आत्ता बाबांजवळ बसायचं सोडून—”

“बाबांजवळ तू बस. मला नोंदी दे.”

त्यानं दिल्या. लपवाछपवी करणारा मुलगा नव्हता तो. उलट नोंदी बघून आईची खात्री पटेल असं त्याला मनापासून वाटत होतं. हेच जास्त चीड आणणारं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई घरी आल्या, ओट्यापाशी स्टूल ओढलं, दुखरा गुडघा पाटावर लांब केला आणि नोंदी वाचायला घेतल्या. दहा मिनिटांत पहिली चूक सापडली. पहिल्या आठवड्यात आमटीच्या एका वाटीत आठ दशांश ग्रॅम मीठ होतं. दहाव्या आठवड्यात एक पूर्णांक सात. दुपटीच्या वर! रोज केसाएवढं वाढत गेलेलं.

कारण उघड होतं. यंत्रासोबत आलेलं ताटही वजन करणारं होतं. आमटी किती लवकर संपली, पुन्हा वाढून घेतली का, यावरून यंत्र आपली चव सुधारत होतं. जेवणारा खूश झाला की तीच दिशा धरायची. पण मिठाची गंमत अशी, की जीभ त्याला सरावते. महिनाभर थोडं जास्त खाल्लं की तेच अळणी लागायला लागतं. मग यंत्र आणखी घालणार, जीभ आणखी सरावणार. वीस टक्क्यांची सूट या चक्रानं दोन-तीन आठवड्यांतच गिळून टाकली होती. ज्या काट्याचं शून्यच सरकतं, त्या काट्याच्या भरवशावर बॉयलर चालवला असता, तर कारखान्याच्या साहेबानं बाईंना गेटाबाहेर काढलं असतं.

पण पहिल्या दिवसाच्या आठ दशांशाचं काय? त्यांच्या हातची वाटी सहाच्या वर जात नसे. प्रमोदरावांच्या आजारापासून घरातली आमटी बेताच्याच मिठाची होती. हव्या त्यानं पानात वरून घ्यावं. मग वीस टक्के कमी करूनही आठ? म्हणजे यंत्राच्या मते त्यांचा मूळ हात एक ग्रॅमचा होता. कुठून आला हा एक ग्रॅम?

त्यांनी पाट सरकवला, उठल्या आणि आमटी करायला घेतली. कागदावर कळलं नाही तर पाइपलाइनीवरून चालत जायचं, ही त्यांची जुनी सवय. डाळ घोटली. फोडणी, चिंच, गोडा मसाला. मीठ काट्यावर मोजून घातलं, बरोबर आठ ग्रॅम, यंत्रानं मूळ हात म्हणून टिपलं होतं तेवढंच. उकळी आली, आच कमी केली. देवाच्या वाटीत आमटी काढली. मग सवयीनं डाव्या हातानं उजवं मनगट चाचपलं, पट्टा काढायला.

पट्टा आज नव्हताच. पण हात तिथंच थांबला.

पट्टा चामड्याचा होता. चामड्याच्या वस्तूनं देवाला नैवेद्य कसा दाखवायचा? दोन वर्षं रोज त्या नैवेद्याआधी पट्टा काढून खिडकीत ठेवत होत्या आणि पुढचं सगळं काम उघड्या हातानं होत होतं. आणि खरी आमटी होत होती ती नैवेद्यानंतर! दाखवण्याआधी काही उष्टं करायचं नाही, हा घरातला रिवाज. त्यामुळे तोवर आमटी चाखायची नाही. ती दाट ठेवायची, मसाला डाळीत मुरू द्यायचा. घंटा वाजली की मग पळीभर हातावर घेऊन चाखायची आणि शेजारच्या शेगडीवरचं आधणाचं पाणी ओतायचं. कधी तांब्याभर, कधी कमी. डाळ जुनी असली तर जास्त, चिंच कडक निघाली तर गुळाचा खडा. सव्वा लिटरची आमटी दोन लिटर व्हायची. मीठ तेवढंच, पाणी दीडपटीच्या वर. वाटीत सहा दशांश.

निहारच्या यंत्राच्या लेखी आमटी नैवेद्यालाच संपत होती. पट्टा निघाला की नोंद बंद. चाखणं नाही, पाणी नाही, सुधारणं नाही. बाईंच्या हातातला जो भाग खरा कंट्रोलर होता, तो मोजलाच गेला नव्हता. राहिलं ते नुसतं आंधळं घालणं. कंपनीत चाचणीला बसलेल्या पोराटोरांनी ती दाट, झणझणीत, खारट आमटी चाटून खाल्ली आणि म्हटलं, वा, आईच्या हातची!

बाई स्टुलावर बसल्या. राग आता दोन ठिकाणी वाटला गेला होता. कारण पट्टा त्यांनी स्वतः काढला होता. एकतीस वर्षं मापकं सांभाळलेल्या बाईनं रोज स्वतःच्या हातानं मापक काढून खिडकीत ठेवलं आणि एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. पण मग निहार? पंचवीस वर्षं तो या घरात जेवला होता. रोज त्याच्या नाकासमोर ते पाणी ओतलं जात होतं. तिसऱ्या हाकेला, मोबाइलमध्ये डोकं घालून पानावर येणाऱ्याला ते दिसणार कसं? आयतं गिळणाऱ्यानं स्वयंपाकाचं यंत्र केलं होतं!

“खरं आहे,” निहार फोनवर म्हणाला. बाईंनी त्याला दवाखान्यात फोन लावून सगळं सांगितलं होतं. “आई, चूक माझी आहे. मी दुरुस्त करतो. तीन महिने दे.”

“दे काय, घे की. तोवर यंत्रं थांबव.”

पलीकडे खुर्ची सरकली, दार लोटल्याचा आवाज आला.

“निहार?”

“परवा तीनशे चाळीस वृद्धाश्रमांत यंत्रं सुरू होतायत. मूळ हातावर. ते माझ्या हातात नाही.”

*

मुलानं कंपनीत येऊ नको म्हटलं, म्हणून बाई गेल्याच. प्रमोदरावांपाशी पुण्याहून आलेल्या बहिणीला बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निहारच्याच गाडीतून पुण्याला निघाल्या. अख्ख्या वाटेत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

कंपनीचा मालक होता तन्मय बोरा, छत्तिशीचा, बोलायला लाघवी. टेबलाभोवती आणखी सहा इंजिनिअर होते. बाईंनी नोंदी मांडल्या, पाण्याचं सांगितलं, जिभेचं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका मुलीनं भराभर टिपूनही घेतलं.

“काकू, फारच मोलाचं आहे हे,” तन्मय म्हणाला. “पुढच्या आवृत्तीत हे नक्की येईल. तोवर आपण सूचना चिकटवू. हृदयरोग्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.”

“वृद्धाश्रमात कोण वाचणार ती? ज्यांना मोतीबिंदू झालाय ते, की ज्यांना समोर येईल ते खावं लागतं ते?”

“काकू, दर यंत्रात थोडीफार—”

“तुम्ही आज सकाळी काय खाल्लंत?”

“अं? पोहे.”

“मीठ कुणी घातलं त्यात?”

तो हसला. “घरी मावशी येतात.”

“तुम्ही?” त्यांनी दुसऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही? तुम्ही?”

एकानं कॅंटीन म्हटलं, एकानं बायको, एकानं आई. टिपून घेणारी मुलगी म्हणाली, उपास आहे. सहा इंजिनिअर आणि एक मालक. देशाच्या म्हाताऱ्यांना जेवू घालायला निघालेले. पण त्यांतल्या एकानंही सकाळी स्वतःच्या हातानं पातेल्यात मीठ घातलं नव्हतं, की घातलेलं चाखलं नव्हतं.

“लाजा कशा वाटत नाहीत?” बाईंचा आवाज चढला. “बॉयलर कधी न पाहिलेल्या माणसाला बॉयलरजवळ उभं करतात का? परीक्षा घेतात, परवाना मागतात. आणि चूल न पाहिलेल्या माणसानं चूल केली तरी चालतं? का? बायकांचं काम म्हणून? त्यात शिकण्यासारखं काही नसतं म्हणून?”

“आई, बस,” निहार म्हणाला.

“तू बस! तुझा बाप नळी लावून पडलाय.”

मग तन्मयचा लाघवीपणा थोडा उतरला. “काकू, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण वितरण थांबणार नाही. करार झालेत.”

“मग माझा हात मला परत द्या.”

निहारनं झटक्यात वर पाहिलं. एवढं एकच त्यांच्या हाती होतं, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी नवा कायदा आला होता. ज्याचा हात, ज्याचा गळा, ज्याचा चेहरा यंत्राला शिकवला, त्याला संमती मागे घेता येत होती. अंगठा लावला की त्या माणसाच्या नोंदी आणि त्यांच्यावर बेतलेलं सगळं जागच्या जागी पुसायचं. त्यात तडजोड नव्हती आणि परतीची वाटही नव्हती. मूळ हात गेला की नऊच्या नऊ हात जाणार होते.

“आई, तीन महिने,” निहार पुटपुटला. “फक्त तीन महिने थांब. सहा वर्षं घातलीत मी यात. लग्न पुढं ढकललं. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल गं.”

“उद्या यंत्रं सुरू होणार की नाही?”

“होणार. पण मी रोज नोंदी बघेन, कुठं जास्त वाटलं तर—”

“तुझ्या बापाच्या नोंदीही तुझ्याकडेच येत होत्या. दहा आठवडे.”

तो पांढराफटक पडला. बाईंना ते दिसलं, पण रागानं त्यांना तिथं थांबू दिलं नाही. त्यांनी टेबलावरची टचस्क्रीनची पाटी पुढं ओढली आणि संमती मागे घ्यायचं पान उघडलं.

“तू माझी आई आहेस का इन्स्पेक्टर?” निहार ओरडला.

“आई होते म्हणून दोन वर्षं तुझा पट्टा बांधला. इन्स्पेक्टर व्हायला पाहिजे होतं तेव्हा झाले नाही, ती माझी चूक. ती आज निस्तरते.”

त्यांनी अंगठा टेकवला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नऊ नावं होती. ती एकेक करून गेली. निहार उठला, खुर्ची पडली, ती न उचलताच तो बाहेर गेला.

*

परतीला त्या एसटीनं आल्या. दवाखान्यात पोचल्या तेव्हा संध्याकाळची भेटायची वेळ चालू होती. प्रमोदरावांच्या अंगातलं पाणी बरंच उतरलं होतं, चेहऱ्यावरची सूज ओसरली होती. बहीण चहा आणायला गेली.

“काय झालं?”

“बंद पाडलं.”

“निहारचं?”

“सगळंच. अंगठा लावून आले. उद्या काही सुरू होणार नाही.” बाईंनी पिशवी खाली ठेवली. “शिव्या द्यायच्या असतील तर द्या. पण मला पश्चात्ताप नाही. सात जणांत एकानंही चुलीला हात लावलेला नव्हता! सूचना चिकटवतो म्हणे. आणि तुमचा मुलगा तिथं बसून मला बस म्हणतो!”

प्रमोदरावांना पंख्याचा वारा लागत होता, त्यांनी चादर वर ओढली. मग म्हणाले, “जेवला का तो?”

“काय?”

“निहार. जेवला का?”

“अहो, तुम्हाला काही आहे का?” बाई उसळल्या. “त्याच्या यंत्रानं तुमच्या छातीत पाणी भरलं! आणि तुम्ही विचारताय—”

“ते झालं गं. सकाळपासून तुझ्याबरोबर होता ना? सहाला निघालात. काही खाल्लं का त्यानं?”

वाटेत गाडी थांबली होती एकदा, पण बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. तो उतरला होता का, त्यानं चहा घेतला होता का, त्यांनी पाहिलं नव्हतं. घरात कोण जेवलं, किती जेवलं, पानात काय टाकलं, हे बत्तीस वर्षांत त्यांना विचारावं लागलं नव्हतं, आणि त्यांना कुणी विचारलं तर कधी अडलं नव्हतं.

“ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या.

राग तसाच होता. तो उतरावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं, आणि उद्या पुन्हा वेळ आली तर त्या पुन्हा तोच अंगठा लावणार होत्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि निहारला लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली, वाजून वाजून थांबली.

त्यांनी पुन्हा लावला.